शेजारची जागा

गाडी सुटायला आली तरी माधवच्या शेजारची जागा रिकामीच होती. आज त्याला त्याचं सुख वाटायला हरकत नव्हती, कारण मांडीवर गणपती होता. पाठीवर लावायची निळी बॅग उलटी फिरवून त्यानं पोटाशी धरली होती, तान्ह्या पोराला धरावं तशी, आणि उघड्या चेनमधून लाल कापडाखालचा मुकुटाचा उंचवटा तेवढा वर आला होता. नॉटिंगहॅमपर्यंत असंच जायचं, बाप्पाला धक्का नको, कुणाचं कोपर नको. पण मनाचं काही सांगता येत नाही. ते ताटातल्या लाडवाला नको म्हणतं आणि तोच लाडू शेजारच्या पानात पडला की मुसमुसतं. तेवढ्यात एक बाई आली. कानात मोती, हातात चहाचा कागदी पेला, चेहरा दमलेला. तिनं हातातलं तिकीट पाहिलं, सीटच्या पाठीवरचा नंबर पाहिला. नंबर जुळत होता. मग तिनं माधवकडे पाहिलं, मग बॅगेकडे. दात उपटायच्या आधी डॉक्टर हसतो तसं गोड हसली, ‘सॉरी’ म्हणाली, कशाबद्दल ते तिचं तिला ठाऊक, आणि चार रांगा पलीकडे जाऊन बसली, तोंड माधवकडे करून. गाडी हलली. स्वतःची राखून ठेवलेली जागा सोडून माणूस उठून जातो, म्हणजे आपण नक्की काय झालो आहोत, हा प्रश्न त्या रिकाम्या जागेवर येऊन बसला.

तसं हे आजचं नव्हतं. जुलैतल्या त्या गुरुवारी लंडनच्या भुयारात आणि बसमध्ये स्फोट झाले, तेव्हापासून माधवच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली होती. नॉटिंगहॅमला ऑफिसला जाताना बस एवढी भरायची की ड्रायव्हरच्या मांडीवर माणूस बसवायचा तेवढा बाकी, पण ह्याच्या शेजारची सीट मोकळी. त्या सीटचं कापड सगळ्या बसमध्ये कोरं राहिलं होतं म्हणतात. मग माधवनं उपाय सुरू केले. रोज दाढी, रविवारीसुद्धा. डबा पारदर्शक पिशवीत, म्हणजे आतली भेंडी सगळ्या पूर्व इंग्लंडला दिसावी. हातात इथला सगळ्यात पांचट पेपर, चेहऱ्यासमोर धरून. त्या उन्हाळ्यात ॲशेस चालू होती, तर हा फोन कानाला लावून मोठ्यानं इंग्लंडच्या बोलिंगचं कौतुक करायचा. फोनवर पलीकडे कुणीही नसायचं. पण दोन आठवड्यांनी पोलिसांनी भुयारी स्टेशनात भलत्याच एका माणसाला गोळ्या घातल्या, कामावर निघालेल्या, आणि माधवची दाढी, भेंडी आणि बोलिंग सगळंच वाया गेलं. त्या दिवसापासून तो उशिरा पोचला तरी धावत नसे. बस समोरून सुटत असली तरी नागपूरच्या एखाद्या लग्नातल्या मुलीच्या मामासारखा संथ चालायचा. त्याची बायको उल्का हसायची आधी. नंतर हसायची थांबली.

लंडनमधल्या स्टॅनमोरचे पुरुषोत्तमकाका म्हणजे इथल्या हॉस्पिटलांत हयात घालवून निवृत्त झालेले डॉक्टर. दरवर्षी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातून पेणहून शाडूच्या मूर्ती मागवत आणि लंडन ते लीड्स सगळ्या मराठी घरांना वाटत. आज हरतालिका, उद्या चतुर्थी. सकाळी माधव मूर्ती घ्यायला गेला तेव्हा काकांनी स्वतःच्या हातानं मूर्तीच्या तोंडावरून लाल कापड बांधलं. ‘घरी पोचेपर्यंत तोंड कुणाला दिसू द्यायचं नाही. उद्या चौरंगावर बसवलास की मग.’ पुढे म्हणाले, ‘आणि हे बघ माधव, वाटेत कुणी अडवलंच, तर घाबरायचं नाही. सरळ सांगायचं, हिंदू आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे, व्हिसा आहे. ह्या लोकांना फरक कळायला हवा. आपण निराळे आणि ते निराळे. आणि ते काळे तर त्याहून निराळे. त्यांच्या जवळपास फिरकायचं नाही, म्हणजे आपोआप आपल्याकडे कुणी बघत नाही. मी चाळीस वर्षं हेच केलं.’ काकू आतून ओरडल्या, ‘चाळीस वर्षं आपल्याकडे कुणी बघितलंच नाही, हेही सांगा त्याला!’ काका म्हणाले, ‘तू नैवेद्याचं बघ.’ माधवला तेव्हा हसू आलं होतं, पण काकांचं बोलणं त्यानं बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवावं तसं ठेवलं होतं. कारण शिडी असते ना, तिचं असंच असतं. शाळेत त्याला सगळी पोरं ‘काळ्या माधव’ म्हणायची. उल्काचं स्थळ आलं तेव्हा आईनं ‘सावळी आहे, पण नाक तरतरीत आहे’ असा निकाल दिला होता, जसा काही नाकानं रंगाची नुकसानभरपाई केली. जन्मभर शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर उभा राहिलेल्या माणसाला आपल्याहून खाली आणखी एक पायरी आहे असं कळलं, की त्याचा पाय आपोआप तिच्यावर पडतो.

लूटनला एक माणूस चढला. काळा, पन्नाशी ओलांडलेला, अंगात काळा सूट, गळ्यात काळा टाय, खांद्याला एक फुगलेली बॅग. दारात उभं राहून त्यानं सगळा डबा असा पाहिला, जसा मुकादम शेत पाहतो. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. तो चालत आला, मोत्यांच्या बाईला ओलांडून आला, आणि माधवच्या शेजारी धप्पकन बसला. माधवनं बॅग छातीशी ओढली. दोन महिने ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि झालं तेव्हा त्याला पहिलं काय वाटलं असेल? हाच का! एवढ्या जागा सोडून इथेच का! पुढच्या रांगेत कुणीतरी मान वळवून दोघांकडे बघितलं, आणि माधवला वाटलं, आता आपल्याकडे दुप्पट बघतील. काका बरोबर सांगत होते.

‘एवढ्या जागा आहेत,’ माधव हळूच म्हणाला. म्हणजे तो म्हणणार नव्हता, तोंडातून निघालं.

‘दिसतात मला,’ तो माणूस म्हणाला. ‘जागा बघण्यातच जन्म गेला माझा. लंडनात बस चालवतो. डबलडेकर. जुलैपासून रोज आरशात बघतो, तुझ्यासारखा एखादा बसलेला असतो आणि शेजारची जागा रिकामी. माणसं लोंबकळतील, पण बसणार नाहीत. स्टिअरिंग सोडून मी काही मागे जाऊन बसू शकत नाही. आज मी पॅसेंजर आहे. म्हटलं, आज बसून घ्यावं.’ आणि तो एवढा मोठ्यानं हसला की मोत्यांच्या बाईनं पेपर खाली केला. ‘डेल्रॉय,’ म्हणाला, आणि हात पुढे केला. माधवचे दोन्ही हात देवाला धरलेले. त्यानं करंगळी पुढे केली. डेल्रॉयनं ती करंगळी गंभीरपणे हलवली.

असं कुणी मोकळं बोललं की माधवसारख्याचं कुलूप एकदम निघतं. किल्ली लागत नाही, गंजच गळून पडतो. बेडफर्ड जाईतो डेल्रॉयनं बॅगेतून स्वतः भाजलेला जाड पावाचा तुकडा मोडून त्याला दिला होता, आणि आपण कुठे चाललो तेही सांगितलं होतं. त्याची आई गेली होती. नॉटिंगहॅमलाच, सेंट ॲन्समध्ये, ज्या घरात तो नऊ वर्षांचा असताना जमैकाहून येऊन वाढला त्या घरात. आज नववी रात्र. त्यांच्यात नऊ रात्री माणसं जमतात, गातात, खातात, हसतातसुद्धा, आणि नवव्या रात्री मेलेल्या माणसासाठी वेगळं ताट मांडतात. मासा, भात, तिच्या आवडीचं सगळं. त्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. मग सगळ्यांनी मिळून तिला वाटेला लावायचं. ‘थोरला मुलगा मीच. निरोप मी द्यायचा. नाहीतर ती म्हातारी दारातच बसून राहील. एकदा धाकट्या बहिणीला शाळेतून आणायला मी विसरलो, तेव्हा तिच्यासाठी ती अशीच दारात बसली होती. घरचं दार पिवळं आहे, तिनं स्वतः रंगवलेलं. सगळ्या गल्लीत एकच. तू नॉटिंगहॅमचाच ना? मग ये. नवव्या रात्री परकं कुणी नसतं.’

माधव खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर गव्हाची कापलेली शेतं, गवताचे गोल भारे, मेंढ्या. आणि आत नागपूर. बाबा गेले तेव्हा त्याचा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी गेलेला होता आणि परत आला नव्हता. पासपोर्टाशिवाय माणूस बापाच्या मयतालाही जाऊ शकत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. दहाव्याला श्रीकांतचा, थोरल्या भावाचा, घाटावरून फोन आला. ‘माधवा, कावळा शिवूनच नाही राह्यला बे. झाडावर पंचवीस बसलेत, अन् एकही उतरत नाही. मी सगळं बोलून पाह्यलं. आईला सांभाळीन म्हटलं, घर विकणार नाही म्हटलं, शिगरेट सोडतो म्हटलं. ढिम्म! गुरुजी म्हणतात, धाकट्याचं काही राह्यलं असेल. तू बोल. मी फोन पिंडाजवळ धरतो.’ आणि श्रीकांतनं खरंच फोन पिंडापाशी धरला. नॉटिंगहॅमला ऑफिसच्या जिन्यात उभा राहून माधव त्या भाताच्या गोळ्याशी काय बोलणार? नदीचा वारा ऐकू येत होता. कुणीतरी खोकलं. मग त्याला आठवलं, शेवटच्या फोनवर बाबा म्हणाले होते, ‘तिकडं गणपती बसवत जा रे, दीड दिवसाचा का होईना,’ आणि तो म्हणाला होता, ‘बाबा, इथे नाही जमत असलं काही.’ तो जिन्यात ओरडला, ‘बाबा, बसवतो! इथेच बसवतो! माझ्या घरी!’ आणि फोनमध्ये पंखांची फडफड झाली.

हे सगळं त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत डेल्रॉयला सांगितलं. एवढं तर त्यानं उल्कालाही एका बैठकीत सांगितलं नव्हतं. डेल्रॉय आधी थक्क होऊन ऐकत होता, मग हसायला लागला, ‘म्हणजे पक्ष्यानं फोन घेतला!’ आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मग बॅगेकडे बोट करून म्हणाला, ‘म्हणजे हे वडिलांना दिलेलं वचन आहे.’ माधव हो म्हणाला. ‘आणि तोंड झाकलंय ते?’ ‘घरी पोचेपर्यंत कुणी बघायचं नाही. तशी रीत आहे.’ ‘रीत आहे तर आहे,’ डेल्रॉय म्हणाला, आणि त्यानं त्यानंतर बॅगेकडे पुन्हा पाहिलं नाही.

केटरिंग सोडलं आणि गाडीनं असा हिसका दिला की काय सांगावं. ट्रॉलीवरून घेऊन समोरच्या फळीवर ठेवलेला माधवचा चहा उडाला तो थेट बॅगेत. लाल कापड भिजलं, आणि भिजताक्षणी रंग सोडायला लागलं; कापडावरून लाल ओघळ खाली निघाला. आता तो बाप्पाच्या सोंडेवर उतरणार! माधवनं एका हातानं मूर्ती धरली, दुसऱ्यानं कापड ओढून काढलं, आणि देव उघडा पडला. ‘नका बघू!’ तो मराठीतच ओरडला. डेल्रॉयला मराठी कुठलं यायला, पण त्याला कळलं. त्यानं मान पार पलीकडे फिरवली, वाटेकडे, एवढी की मानेच्या शिरा ताठ झाल्या. तशीच मान ठेवून त्यानं कोटाच्या आतून एक पांढरा रुमाल काढला, परीटघडीचा, आज रात्रीसाठी ठेवलेला, आणि न बघता चाचपत हात बॅगेत घातला. ‘कुठे? सांग.’ ‘जरा वर. डावीकडे. हां, खाली.’ त्या दणकट बोटांनी मुकुटावरून रुमाल पांघरला, दोन्ही कडा कानांच्या मागे खोचल्या. आंधळा माणूस लेकराचं तोंड पुसतो तसं. ‘झालं?’ ‘झालं.’ ‘मी काही बघितलं नाही,’ डेल्रॉय म्हणाला, आणि मगच त्यानं मान सरळ केली.

त्यानं बघितलं नव्हतं. पण चार रांगा पलीकडून मोत्यांच्या बाईनं सगळं बघितलं होतं. एक काळा आणि एक सावळा माणूस, एक किंचाळतो, दुसरा तोंड फिरवून, चोरासारखा, बॅगेत हात घालून काहीतरी ठेवतो. तिचं तरी काय चुकलं म्हणायचं? तिनं जे पाहिलं ते खरंच होतं. फक्त त्याचा अर्थ तिच्यापाशी नव्हता, आणि अर्थ विचारायला चार रांगा चालत यावं लागलं असतं. ती उठून गार्डकडे गेली.

लेस्टरला गाडी थांबली ती सुटेना. दोन्ही दारांतून पोलीस आत आले, बरोबर कुत्रा. डब्यातली माणसं पाणी सांडावं तशी पलीकडच्या टोकाला गेली. ‘हात दिसतील असे ठेवा,’ एक जण शांतपणे म्हणाला. हात दिसतील असे ठेवायचे म्हणजे देव सोडायचा. त्याला भुयारी स्टेशनातला तो माणूस आठवला. कुणीतरी बॅग उचलून घेतली आणि दोघांना प्लॅटफॉर्मवर वेगवेगळ्या खांबांशी उभं केलं. ‘बॅगेत काय आहे?’ माधव बोलायला लागला, आणि त्याच्या तोंडून काय निघालं असेल? ‘देव आहे. त्याचं तोंड तुम्हाला बघता येणार नाही. उद्या सकाळी उघडायचं. परवा त्याला पाण्यात बुडवायचं.’ पोलिसानं दुसऱ्या पोलिसाकडे पाहिलं. ‘हिंदू,’ माधव म्हणाला. ‘मी हिंदू आहे. सॉफ्टवेअर. व्हिसा आहे.’ काकांची वाक्यं कप्प्यातून एकामागून एक बाहेर येत होती. कुत्र्यानं बॅग हुंगली, शेपूट हलवली आणि कंटाळून बसला. तरुण पोलिसानं बाहेरूनच चाचपलं, सोंडेचा आकार लागला असावा, त्याचा चेहरा सैलावला. ‘हत्तीचा देव? आमच्या शेजाऱ्यांकडे आहे.’ त्यानं रुमालाला हात लावला नाही. ‘ठीक आहे, नाही उघडत.’ त्याला त्या पोराच्या पाया पडावंसं वाटलं. एवढ्यात तो पोरगा पलीकडच्या खांबाकडे बोट करून म्हणाला, ‘तो तुमच्याबरोबर आहे?’

‘नाही,’ माधव म्हणाला.

‘ओळखता?’

‘ओळखत नाही. डब्यात एवढ्या जागा रिकाम्या होत्या. तो मुद्दाम माझ्याच शेजारी येऊन बसला.’

‘आणि बॅगेत हात कुणी घातला?’

‘त्यानं.’

ह्यात एक अक्षर खोटं नव्हतं. हवं तर पुन्हा वाचून बघा.

पलीकडे डेल्रॉयची बॅग जमिनीवर उपडी झाली. पाव घरंगळला, काळे चकचकीत बूट पडले, काचेत बसवलेला एका म्हातारीचा फोटो पडला आणि काच वाजली. तोवर डेल्रॉय हात वर करून उभा होता. काच वाजली तसा तो खाली वाकला, त्याला आवरायला आलेला हात त्यानं झटकला, आणि मग तीन जण त्याच्या अंगावर होते. ‘माझ्या आईची नववी रात्र आहे!’ त्याचा आवाज छपराला लागला. ‘त्याला विचारा! त्याला माहीत आहे! सगळं सांगितलंय मी त्याला!’ सगळ्यांनी माधवकडे पाहिलं. माधवच्या हातात बॅग परत आलेली होती. ‘गैरसोयीबद्दल माफ करा, सर,’ तरुण पोलीस म्हणत होता, ‘तुमची गाडी खोळंबली आहे.’ बोलायला वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं, एक करंगळी पुरली असती. पण मनात एकच चाललं होतं, व्हिसा, उल्का, बाबा, व्हिसा. आणि पाय, संथ, सावकाश, सवयीनं, गाडीकडे चालत होते. तो आपल्या जागेवर बसला. गाडी हलली. खिडकीतून त्यानं पाहिलं: डेल्रॉयचे हात मागे बांधलेले, तोंड गाडीकडे. एक क्षण दोघांची नजर भिडणार होती. तेवढ्यात डेल्रॉयनं मान फिरवली, पार पलीकडे, मानेच्या शिरा ताठ होईपर्यंत. मघाशी देवाचं तोंड दिसू नये म्हणून फिरवली होती, अगदी तशीच.

घरी उल्का दारात तांब्या घेऊन उभी होती. दिवसभराचा हरतालिकेचा उपास, ओठ सुकलेले, पण डोळे हसरे. ‘केवढा लेट! फोन का उचलत नव्हतास? थांब, आत येऊ नकोस.’ तिनं त्याच्या पायांवर दूध घातलं, पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. समोरच्या घरातला पडदा हलला. तिचं लक्ष बॅगेकडे गेलं. ‘अरे, लाल कापड होतं ना? काका म्हणाले फोनवर. हा रुमाल कुणाचा? वाटेत तोंड कुणी पाहिलं नाही ना?’

‘नाही. एक जण होता. त्यानं मान वळवली.’

‘चांगला दिसतोय माणूस. कोण होता?’

‘ओळखत नाही,’ माधव दुसऱ्यांदा म्हणाला, आणि ओल्या पायांनी उंबरा ओलांडला.

रात्र कशी गेली ते विचारू नका. डोळे मिटले की एक ताट दिसायचं, मासा, भात, कुणी न शिवलेला, आणि पिवळ्या दारात बसलेली एक म्हातारी. मध्येच ती म्हातारी बाबा व्हायची. कधी वाटायचं, सोडलं असेल त्याला, पुढच्या गाडीनं पोचला असेल, आता गात असेल. मग काच वाजायची. कितीदा त्यानं फोन हातात घेतला. पोलिसांना फोन करून म्हणायचं काय? मी खोटं बोललो? पण खोटं तो बोललाच नव्हता. खोटं असतं तर बरं होतं. खोटं मागे घेता येतं.

सकाळी चौरंग मांडलेला, फुलोरा टांगलेला, दूर्वा नव्हत्या म्हणून मागच्या लॉनमधलं निवडून आणलेलं गवत. लॅपटॉपवर पुण्याच्या गुरुजींची पूजा लावलेली. उल्कानं नवी साडी नेसली होती. ‘काढ रुमाल, सुरू करू,’ ती म्हणाली. माधव हलला नाही. ‘बरं, मी काढते.’ तिचा हात पुढे गेला आणि माधवनं तिचं मनगट धरलं, एवढं जोरात की बांगडी पिचली. ‘नको,’ तो म्हणाला. ‘तोंड उघडलं तर तो माझ्याकडे बघेल.’ मग तो खाली, चौरंगाच्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं. पाव, आरसा, करंगळी, कावळा, एवढ्या जागा रिकाम्या होत्या, सगळं. लॅपटॉपमधले गुरुजी आचमन करा, आचमन करा म्हणत राहिले. उल्कानं तो बंद केला. माधवला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे, तू तरी काय करणार होतास. जन्मभर पुरलं असतं ते वाक्य. ती म्हणाली, ‘रुमाल राहू दे. ज्याचा आहे त्यानं येऊन काढावा. तोवर बसतील असेच.’

‘तो कुठे असेल कुणास ठाऊक.’

‘दार पिवळं आहे म्हणालास ना? मग उठ.’

माधव एकटाच सेंट ॲन्सच्या गल्ल्या पालथ्या घालत गेला; पिवळं दार एकच सापडलं, आणि ते सताड उघडं होतं. आतल्या खोलीत भिंतीभोवती खुर्च्या मांडलेल्या, चर्चमधून आणलेल्या असाव्यात, कालच्या गर्दीच्या. आता बहुतेक रिकाम्या. दोनतीन माणसं भांडी आवरत होती. टेबलावर एक ताट अजून तसंच होतं. भात वाळला होता, माशाचा डोळा छताकडे. काळ्या कपड्यांतली एक बाई पुढे आली, डेल्रॉयचंच नाक, सुजलेले डोळे. ही ती शाळेतून आणायची राहिलेली बहीण असणार. तिनं माधवला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

‘डेल्रॉय?’ त्याच्या तोंडून एवढंच निघालं.

‘आला नाही,’ ती म्हणाली. ‘फोन लागत नाही. रात्रभर थांबलो, तिला निरोप दिला नाही अजून. तू ओळखतोस त्याला?’

नाही म्हणून झालं होतं, दोनदा. हो म्हणायला तोंड उरलं नव्हतं. तो नुसता उभा राहिला, बोलावल्यासारखा नाही आणि हाकलल्यासारखाही नाही. बहिणीला काय वाटलं कोण जाणे. भावाचा मित्र, दुःखानं वाचा गेलेली, असंच वाटलं असेल. तिनं त्याच्या खांद्याला धरून त्याला एका खुर्चीवर बसवलं, भिंतीशी, कोपऱ्यात. ‘बस. खाऊन घे आधी. त्यानं बोलावलं असेल तर तू घरचाच.’ त्याच्या मांडीवर, काल जिथे देव होता तिथे, तिनं पावाची बशी ठेवली. तोच जाड पाव.

मग स्वयंपाकघरातून एक खूप म्हातारी बाई काठी टेकत बाहेर आली. तिनं दारात थांबून सगळी खोली पाहिली, भिंतीभोवतीच्या त्या खुर्च्या, आणि कोपऱ्यातला तो परका पोरगा. मग काठी वाजवत, वाटेतल्या सगळ्या खुर्च्या ओलांडत ती आली, आणि एवढ्या जागा रिकाम्या असताना मुद्दाम त्याच्याच शेजारी येऊन बसली.